वाढवण बंदर: घरात एकजण विरोधात आणि एकजण ट्रेनिंगला, असं चालतं का?

किनाऱ्यावरची:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. आमचं गाव डहाणू तालुक्यात, वाढवणपासून फार लांब नाही, जिथे समुद्रात भराव टाकून मोठं कंटेनर बंदर होतंय. बाबा तांडेल म्हणजे होडीचे प्रमुख आहेत, डोलीची मासेमारी. आई मासळी घेऊन बाजारात बसते, मी बोईसरला एका पतपेढीत आहे आणि धाकटा भाऊ आयटीआयमधून फिटर होऊन दीड वर्ष घरी आहे, मधे मधे कंत्राटावर जातो. आता बंदरासाठी म्हणून ट्रेनिंगचे फॉर्म आलेत, क्रेन, फोर्कलिफ्ट, वेल्डिंग वगैरे. त्याला भरायचाय. बाबा म्हणाले फॉर्म भरलास तर माझ्या पानाला पान लावून जेवायला बसू नकोस. चार दिवस झाले दोघं बोलत नाहीत, आई मधल्या मधे रडते.

बाबांचं म्हणणं मला कळतं. डोल म्हणजे एका जागी खुंट मारून बांधलेलं जाळं, आम्ही मासळीच्या मागे जात नाही, भरती-ओहोटीची ओढच मासळी जाळ्यात आणून घालते. आता तिथे दहा किलोमीटरची भिंत होणार, १,४४८ हेक्टर भराव पडणार, तर ती ओढ कुठे वळेल हे बाबांना कोणी सांगितलेलं नाही. ते म्हणतात, पाणी वळलं की माझी जागा मेली, मग मला होडी दिली काय नि जाळं दिलं काय. आणि वाढवणचा तो खडक, तिथे शेवंड, घोळ, लहान मासळी वाढते, ओहोटीला बायका कालवं काढतात, ते सगळं कागदावर कुठे लिहिलंय?

पण भावाचंही खोटं नाही ना. मासळी आधीच कमी झाली, डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार सगळं वाढलं, गेल्या हंगामात आम्ही मच्छीमार सोसायटीचं कर्ज फेडू शकलो नाही. बंदर आलं नाही तरी तो होडीवर जाणार नाहीये.

टीव्हीवर विचारतात विकास पाहिजे की पर्यावरण, तेव्हा मला कळतच नाही आमचं घर कुठल्या बाजूला मोजायचं. तुमच्यापैकी कोणाच्या गावात असं काही येऊन गेलं असेल तर सांगा. नुसता सल्ला नको, काय झालं ते सांगा.

---

बोईसर_शिफ्टवाला:

ताई, फॉर्म भरू दे त्याला. मी सरळ बोलतो, राग मानू नका. मी अठरा वर्षं तारापूर एमआयडीसीत काढली आहेत, माझे वडील शेतमजूर होते, माझी दोन मुलं आज इंग्रजी शाळेत जातात ती त्या कारखान्याच्या पगारावर. त्यामुळे "कारखाने नकोत" असं मला म्हणता येत नाही, ते माझ्या तोंडात बसत नाही.

आता दुसरी बाजू पण ऐका कारण तीही मीच भोगतोय. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला त्यात तारापूर देशात पहिलं आलं, १०० पैकी ९३.६९. पहिलं. सांडपाण्याचं सामूहिक केंद्र आहे, नियम आहेत, फाइली आहेत, सगळं आहे. आणि तरी रात्री दोन-अडीचला खिडक्या लावून घ्याव्या लागतात, माझ्या सासूबाईंच्या विहिरीचं पाणी आम्ही भांडी घासायलासुद्धा वापरत नाही.

नोकऱ्यांचं म्हणाल तर स्थानिकांना मिळाल्या, पण कशा मिळाल्या ते बघा. हाऊसकीपिंग, लोडिंग, सिक्युरिटी, आणि तेही कंत्राटदाराकडून, दर ११ महिन्यांनी ब्रेक. म्हणून भावाला सांगा नुसतं "ट्रेनिंग" बघू नकोस, सर्टिफिकेट कोणाचं आहे, ते बाहेर कुठल्याही बंदरात चालतं का, आणि नंतर पगार कोण देणार, मूळ कंपनी की कंत्राटदार, हे लेखी विचार. फिटर आहे ना, मग क्रेन मेंटेनन्सकडे जाऊ दे, चालवण्यापेक्षा दुरुस्तीचं काम टिकतं कारण चालवायचं काम मशीनं घेत चालली आहेत.

---

उरणची_लेक:

ताई तुमची पोस्ट वाचून मला आमचं घर दिसलं.

मी उरणची. आमच्याकडे जेएनपीटी, म्हणजे न्हावा शेव्याचं बंदर, १९८९ ला सुरू झालं. त्याआधी १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई-नवघरला जमिनीच्या भावासाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटील पुढे होते. त्या रक्तावर पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, हे तत्त्व उभं राहिलं, आज देशभर लोक त्याचा दाखला देतात. आमच्याकडे दरवर्षी हुतात्म्यांना मानवंदना असते, लहानपणी आजी हात धरून न्यायची.

पण ताई, साडेबारा टक्के जमिनीवर मिळतात. ज्याच्या नावावर सातबारा त्याला. समुद्राचा सातबारा नाही. शेवा गावातल्या शेतकऱ्यांना काही ना काही मिळालं, कोळ्यांचं काय झालं ते विचारा. शेवा कोळीवाडा उठवून अडीचशेच्या आसपास कुटुंबं उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात नेऊन बसवली, जागा अपुरी आणि तिला वाळवी लागलेली. वाळवीने घरांचे वासे खाल्ले, दारं खाल्ली, लोकांनी चार-चार वेळा घर दुरुस्त केलं. पुनर्वसनासाठी ती माणसं चार दशकं भांडत राहिली, मोर्चे काढले, होड्या आडव्या घालून जहाजं अडवली. उठवलं तेव्हा जी पोरं होती त्यांना आता नातवंडं आहेत.

भरपाईचंही सांगते. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख द्यायचा निकाल दिला, खाडीतला भराव आणि तिवरं गेल्याबद्दल. भागाकार करा, कुटुंबामागे सुमारे पावणेसहा लाख येतात. एका पिढीच्या धंद्याचे. आणि निकाल लागला म्हणजे पैसे हातात आले असं कोणी समजू नये.

तिथे सगळ्यात मोठी भांडणं कशावर झाली सांगू? मच्छीमार कोण, यावर. सोसायटीत नाव कोणाचं, होडी कोणाच्या नावावर, परवाना चालू होता की नाही. माझी आजी खाडीत उतरून निवट्या, चिंबोऱ्या काढायची, त्यावर तिने पाच पोरं वाढवली, कुठल्याच यादीत ती मच्छीमार नव्हती. तिच्याकडे होडी नव्हती, फक्त पाटी होती. आमच्याकडूनही चूक झाली, आजोबा गेल्यावर वारसनोंद कोणी केली नाही, घरात सगळे म्हणायचे करू नंतर, आणि नंतर फार उशीर झाला.

म्हणून तुमच्या आईचं नाव कुठे आहे ते आजच बघा. बाबांचं असेलच. आईचं बघा. आणि ओहोटीला खडकावर जाणाऱ्या बायकांची यादी करा, गावाने करा.

---

कंटेनर_मामा:

इथे बहुतेक जण विरोधातले दिसतात त्यामुळे दुसरी बाजू मी लिहितो. मी पंचवीस वर्षं ट्रान्सपोर्ट आणि क्लिअरिंगच्या धंद्यात आहे, न्हावा शेव्याला रोज जातो. मला कोणाचं वाईट व्हावं असं वाटत नाही पण हे बंदर देशाला लागतं हे मी मनापासून सांगतोय.

कारण खोली. आजची मोठी कंटेनर जहाजं वीस-चोवीस हजार कंटेनरची असतात, त्यांना खोल पाणी लागतं. आपल्या बहुतेक बंदरांत ती येऊ शकत नाहीत म्हणून आपला बराच माल आधी लहान जहाजाने कोलंबो, सिंगापूर, दुबईच्या जेबेल अलीला जातो, तिथे उतरतो, परत चढतो. तो सगळा खर्च आपल्या शेतकऱ्याच्या द्राक्षावर, कांद्यावर बसतो. वाढवणला किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की २० मीटर खोली निसर्गतःच आहे, सारखा गाळ उपसत बसावं लागत नाही. नऊ कंटेनर टर्मिनल, वर्षाला २३.२ दशलक्ष कंटेनरची क्षमता, मालवाहू रेल्वेचा कॉरिडॉर जवळून जातो. केंद्राने जून २०२४ ला ७६,२२० कोटींना मंजुरी दिली ती उगीच नाही. आणि बंदर जमिनीवर नाही, समुद्रात भराव टाकून होतंय, म्हणजे गावं उठत नाहीत, हा उरणपेक्षा मोठा फरक आहे.

नाशिकचा द्राक्षवाला, इचलकरंजीचा कापडवाला हीसुद्धा आपलीच माणसं आहेत हेही बघा.

---

चिकूबागाईतदार:

कंटेनर मामा, तुमचं खोलीचं म्हणणं खरं आहे आणि त्यामुळेच गेली जवळजवळ तीस वर्षं सगळ्यांची नजर वाढवणवर आहे. "गावं उठत नाहीत" हे मात्र पटलं नाही. समुद्रावर जगणाऱ्याचं गाव समुद्रात असतं, घर फक्त झोपायला असतं. तारापूरला अणुऊर्जा केंद्राच्या ३ आणि ४ नंबरच्या युनिटसाठी पोफरण-अक्करपट्टी उठवलं, घरं दुसरीकडे बांधून दिली, पण किनारा दिला का? आणि भरावाला दगड, वाळू लागणार. वाळू दमणसमोरच्या समुद्रातून आणायचं ठरलंय, दगड इथल्याच डोंगरांतून निघणार. त्या डोंगराखाली आदिवासी पाडे आहेत, त्यांचं नाव तर या चर्चेत अजून कोणी घेतलंच नाही.

आता मुख्य मुद्दा. ताई, तुम्ही विचारता बाजू कुठली. मी ६७ वर्षांचा आहे, घोलवडकडे बाग आहे, माझ्या वडिलांनी लावलेली झाडं अजून फळ देतात. मी जे डोळ्याने बघितलं ते सांगतो, जरा लांबेल.

डहाणू तालुक्यात हा प्रश्न एकदा सोडवून झालेला आहे. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी. १९८० च्या दशकाच्या शेवटी खाडीच्या तोंडाशी ५०० मेगावॅटचं कोळशाचं वीज केंद्र मंजूर झालं. आम्ही बागाईतदार कोर्टात गेलो, ते थांबलं नाही. पण त्या भांडणातून २० जून १९९१ ला केंद्राने अधिसूचना काढून अख्खा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. लाल यादीतले, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे उद्योग बंद, तालुकाभर मिळून उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकर. ते कागदावरच राहिलं असतं, म्हणून १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर एक प्राधिकरण बसवायला लावलं आणि त्याचे अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

तुम्हा तरुणांना कल्पना नसेल, ते प्राधिकरण म्हणजे काय होतं. सुनावणीला लुंगीवरचा मच्छीमार आणि कंपनीचा वकील एकाच खोलीत बसायचे आणि दोघांना बोलायला मिळायचं. १९९८ मध्ये एका परदेशी कंपनीचं वाढवण बंदर याच प्राधिकरणाने नाकारलं, तालुक्यात असलं बंदर बसत नाही म्हणून सांगितलं. आणि वीज केंद्राचं? ते बंद केलं नाही. त्याला सांगितलं धुराड्यातला सल्फर डायऑक्साइड काढायची यंत्रणा बसव. १९९९ ला सांगितलं, कंपनीने नाही म्हटलं, वर्षं गेली, प्राधिकरण मागे हटलं नाही, शेवटी २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली, समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी. त्या काळात देशात कोळशाच्या फारच थोड्या केंद्रांवर अशी यंत्रणा होती. वीज मुंबईला जात राहिली, आणि आमच्या चिकूला २०१६ मध्ये घोलवड चिकू म्हणून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. वीज पण राहिली, चिकू पण राहिला.

म्हणून मी विकास विरुद्ध पर्यावरण असं म्हणतच नाही. नियम होता आणि नियमाला राखणदार होता. राखणदार इथला होता, त्याच्याकडे नाही म्हणायचा अधिकार होता, आणि "हो, पण हे करून मग" म्हणायचाही होता. मधे काय झालं? जानेवारी २०१९ मध्ये न्यायमूर्ती गेले. २०२० मध्ये बंदरं लाल यादीत धरायची नाहीत असं वर्गीकरण बदललं. तोच समुद्र, तोच खडक, तीच खोली, फक्त यादीतला रकाना बदलला. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, अटी घालून. ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं.

माझं दुःख परवानगी मिळाली एवढ्यापुरतं नाही. त्या अटी कोण मोजणार, ते मला दिसत नाही. धर्माधिकारींनी सल्फरच्या एका यंत्रासाठी आठ वर्षं पाठपुरावा केला, इथे अटींची यादी त्याहून कितीतरी मोठी आहे.

---

कंटेनर_मामा:

काका, लाल यादीचं मला माहीत नव्हतं. आणि डोंगराखालच्या पाड्यांचंही मी धरलं नव्हतं हे कबूल. बंदर हवं हे माझं मत बदलत नाही, पण अटी मोजायला बाहेरचा कोणीतरी पाहिजे, बंदर बांधणाऱ्यानेच स्वतःचा पेपर तपासायचा नाही, इथे मी तुमच्या सोबत आहे.

---

रॉटरडॅम_पुणेकर:

मी मूळचा पुण्याचा, नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये, बंदरांच्या कामाशीच संबंध आहे. वाढवणच्या बातम्या वाचतो तेव्हा इथलं मासव्लाक्ते दोन, म्हणजे रॉटरडॅम बंदराचा विस्तार, आठवतं म्हणून लिहितोय. हे पण समुद्रात भराव टाकून केलेलं बंदर, साधारण २,००० हेक्टर, म्हणजे वाढवणहून मोठं.

त्यालाही मच्छीमार, शेतकरी आणि निसर्गवाल्या संस्था कोर्टात गेल्या होत्या. आणि २००५ च्या जानेवारीत इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारचा निर्णय रद्द केला. कारण काय, तर भरावामुळे गाळ आणि माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर उत्तरेला वाडन समुद्राकडे जातात त्यावर काय परिणाम होईल, याचा पुरेसा अभ्यास नाही. ताई, तुमचे बाबा ओढ कुठे वळेल म्हणून विचारतायत ना, नेमका तोच प्रश्न. त्या एका प्रश्नावर युरोपातल्या सगळ्यात मोठ्या बंदराचा विस्तार थांबला, पुन्हा अभ्यास झाला, २००८ ला काम सुरू झालं आणि २०१३ ला उद्घाटन. देश बुडाला नाही.

शिवाय बदल्यात काय केलं: शेजारच्या समुद्रात सुमारे २५,००० हेक्टर पट्टा राखीव केला, तिथे तळ खरवडणारी जड जाळी बंद, आणि ते खरंच उपयोगी पडतंय का याची वर्षानुवर्षं मोजणी. भरावाच्या दहापटीहून जास्त. अर्थात तिथल्या काही मच्छीमारांनाही त्या बंदीचा त्रास झालाच, तेही सांगायला पाहिजे. आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर डोल बांधून जगणारी गावं नाहीत, त्यामुळे सरळ उचलून लावता येणार नाही.

पण एक गोष्ट मात्र उचलता येते. मोजणी काम सुरू व्हायच्या आधीपासून होती. आधी किती होतं याचा आकडा नसेल तर नंतर किती गेलं हे कोणीच सिद्ध करू शकत नाही, कोर्टातही नाही. हे काम सरकारवर सोडून थांबू नका.

---

उरणची_लेक:

हेच हेच. आमच्याकडे हाच आकडा नव्हता. म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं, कुठल्या तिथीला कुठे काय लागतं, पण तोंडपाठ असलेलं कोर्टात कोण धरतं. वहीत असतं तर!

---

बोईसर_शिफ्टवाला:

काकांच्या राखणदारावरून सांगतो, तारापूरला नेमकं तेच नाही. नियम आहेत, रात्री राखणदार नाही. ताई, भाऊ उद्या आत कामाला असेल तर निदान घरात एकजण तरी असेल ज्याला आत काय चाललंय ते कळेल. हा विचार पण करा.

---

किनाऱ्यावरची:

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, आज रविवार म्हणून वेळ मिळाला.

आधी आईचं नाव बघितलं. उरणच्या ताई, नाही आहे. बाबा ३१ वर्षं सोसायटीचे सभासद, आई कुठेच नाही. तिला सांगितलं तर म्हणाली मी काय मच्छीमार आहे का, मी तर नुसती विकते. मला काही बोलताच येईना. गल्लीतल्या सात जणींचं विचारलं, त्यातल्या एकीचं नाव आहे, ती पण नवरा वारल्यावर लागलेलं. आता महिला मंडळाच्या मीटिंगला हा विषय काढणार आहे, खडकावर जाणाऱ्या बायकांची यादी गावाने करायची आणि ग्रामसभेत ठरावात घ्यायची म्हणून.

बाबांना काल रात्री तुमची सगळ्यांची उत्तरं वाचून दाखवली. हॉलंडचं ऐकून ते उठून बसले, दोनदा वाचायला लावलं, पिल्लांवरून कोर्टाने थांबवलं? खरंच? असं विचारत राहिले. धर्माधिकारी साहेबांचं नाव आलं तेव्हा म्हणाले मी बघितलंय त्यांना, सुनावणीला ट्रकमधून गेलो होतो आम्ही.

फॉर्मचं सांगते. बाबा हो म्हणाले नाहीत. पण नाही पण म्हणाले नाहीत, भावाला एवढंच म्हणाले की तू आत गेलास तरी सभेला माझ्या बाजूला बसायचं. तो बसेन म्हणाला. काल एका पंगतीत जेवले.

आणि आजपासून वही सुरू केली आहे. बाबा सांगतात, भाऊ लिहितो: तारीख, तिथी, डोल कुठल्या खुंटावर, किती टोपल्या, त्यात बोंबील किती, जवळा किती, बाजारात भाव काय मिळाला. आज पहिल्या पानावर बाबांनी त्यांच्या जागांची नावं लिहून घेतली, बावीस नावं निघाली, त्यातली निम्मी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मोबाइलवर प्रत्येक जागेचं जीपीएस घ्यायचं ठरवलंय. उद्या हे कुठे दाखवायची वेळ आली तर वहीत अजून काय काय असायला हवं, कोणाची सही लागते, सोसायटीचा शिक्का रोज लागेल की महिन्याला चालेल? रॉटरडॅमवाले दादा आणि उरणच्या ताई, तुम्हाला माहीत असेल तर सांगा, पुढच्या रविवारच्या सभेत बाकीच्या तांडेलांनाही वह्या वाटायच्या आहेत.